१,४०० किलोमीटर जास्त, तरी दोन तास लवकर

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. आधी ते पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. नवी वाट पूर्वेकडे, पॅसिफिकवरून, सुमारे १५,३०० किलोमीटरची. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर!

‘पृथ्वी फिरते ना, म्हणून,’ असं त्याचं कारण आजही हमखास सांगितलं जातं. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. तसं नसतं तर विषुववृत्तावर उभ्या माणसाला ताशी १,६०० किलोमीटरचा वारा झोडपत राहिला असता.

आधी अंतर पाहू. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक ओलांडून अलास्कावरून उतरतो. हा बृहत्‌वृत्ताचा, म्हणजे गोलाचे दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा, सुमारे १२,४०० किलोमीटर. यापेक्षा जवळची वाट नाही, पण विमान दोऱ्यावरून जात नाही. तिबेटवरून विमानं सहसा जात नाहीत ती कैलासाच्या दैवी शक्तीमुळे, असे मेसेज फिरतात. खरं कारण साधं आहे: केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच साडेचार किलोमीटर उंच आहे.

आता वेळ. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, ताशी सुमारे ९०० किलोमीटर. साडेचौदा तासांत ते हवेतून कापतं १३,०५० किलोमीटर. मग उरलेले सव्वादोन हजार? तेवढं अंतर हवाच विमानाला घेऊन पुढे सरकली. अटलांटिकच्या वाटेवर उलटं. तिथे सोळा-साडेसोळा तासांत हवेतून साडेचौदा हजारांच्या आसपास कापलं, तेव्हा जमिनीवर १३,९०० पदरात पडले.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. उष्ण हवा फुगते, म्हणून दहा किलोमीटर उंचीवर उष्ण कटिबंधाकडे दाब जास्त आणि ध्रुवाकडे कमी राहतो. हवा ध्रुवाकडे निघते, पण उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि पश्चिमेकडून पूर्वेला धावू लागते. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो या वळण्यात. जपानवर हा झोत फार जोरदार असतो. तिथले हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला आणि जगाने वाचावं म्हणून अहवाल एस्परांतो या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या सामायिक भाषेत छापला.

हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातला फरक वाढतो आणि झोतही वेग घेतो. म्हणून लांबच्या विमानाचं उन्हाळी वेळापत्रक आणि हिवाळी वेळापत्रक शेजारी ठेवलं, तर उड्डाणाचा वेळ बऱ्याचदा वेगळा दिसतो.