चार कोटी अंक आणि शून्य बाकी

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘जगातली सर्वात मोठी मूळ संख्या सापडली’ अशी बातमी आली. सर्वात मोठी मूळ संख्या असूच शकत नाही, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. सापडली ती आजवर ठाऊक असलेल्यांतली सर्वात मोठी: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अंक ४,१०,२४,३२०. अमेरिकेच्या ल्यूक ड्युरँटने ‘गिम्प्स’ या प्रकल्पातून ती शोधली; यात जगभरचे हौशी लोक आपले संगणक लावून अशा मूळ संख्या शोधतात.

पण एवढ्या मोठ्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, हे ठरवायचं कसं? एकेका संख्येने भागत बसलो तर जन्म पुरायचा नाही. इथे ल्युका आणि लेमर या गणितज्ञांची चाचणी कामी येते, आणि माझा जीव तिच्यातच अडकलाय.

छोटं उदाहरण घेऊ: २ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७. सुरुवात ४ ने करायची. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. ४ चे १४. १४ चे १९४, बाकी ६७. ६७ चे ४४८७, बाकी ४२. ४२ चे १७६२, बाकी १११. १११ चे १२३१९, बाकी शून्य! घातांक ७, त्यातून २ गेले ५, आणि पाचव्या पायरीला शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ. (घातांक २ सोडून दुसरी कुठलीही मूळ संख्या हवा.)

खरी गंमत भागाकारात आहे, कारण तो करावाच लागत नाही. ४४८७ म्हणजे १२८ चे ३५ गठ्ठे आणि वर सुटे ७. १२८ ला १२७ ने भागलं की १ उरतो, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यामागे १ धरायचा: ३५ अधिक ७, ४२. संगणक आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवतो. तिथे १२८ चे गठ्ठे म्हणजे डावीकडचे अंक आणि सुटे म्हणजे उजवीकडचे सात. आकडा मधून तोडा, दोन तुकड्यांची बेरीज करा, झालं. विक्रमी मूळ संख्या बहुधा याच, ‘२ चा घात वजा १’ या जातीच्या निघतात, त्याचं कारण हे.

४ च का? ४ म्हणजे (२+√३) आणि (२−√३) यांची बेरीज. दोघांचा गुणाकार १, त्यामुळे वर्गातून २ काढले की दोघांच्या वर्गांची बेरीज हाती येते. पुढची सिद्धता इथे मावणार नाही.

‘यामुळे बँकांचे व्यवहार सुरक्षित होतील’ असंही छापून आलं. थापा आहेत. त्या कामाला काहीशे अंकांच्या मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर जगजाहीर. गाडीच्या नंबराची बेरीज ९ यावी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांसाठीही यात काही नाही. शेवटचा अंक मात्र तुम्हीच काढू शकता: २ चे घात २, ४, ८, ६ असे फिरतात, घातांकाला ४ ने भागून बाकी १, म्हणजे घाताचा शेवट २. त्यातून १ गेला, उरला १.