शेअर दिला तर ड्रॉवर उघडतो का?

बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक काका राहतात. मकरपुरा जीआयडीसीत एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तीसेक वर्षं लेथवर काढली त्यांनी, आता रिटायर आहेत. परवा चहा पिताना आतून एक अॅल्युमिनियमचा तुकडा घेऊन आले, बिस्किटाच्या पुड्याएवढा, एका बाजूला व्ही आकाराची खाच आणि कडा हाताने घासून घासून गुळगुळीत केलेल्या. म्हणाले, ओळख हे काय आहे. मी कसला ओळखतोय.

तर झालं असं की व्हॉल्व्हची बॉडी म्हणजे वेडंवाकडं कास्टिंग, ते चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरलं की सरळ बसत नाही, मग मापाची डायल लावा, हातोडीने हळू टोका, परत डायल बघा, असं करत जॉब ट्रू करायला, म्हणजे बरोबर मध्यावर सरळ बसवायला, दहा-बारा मिनिटं जायची. काकांनी स्क्रॅपमधला तुकडा उचलून असा घासला की कास्टिंग त्या खाचेत टेकवलं की झालं, तीन-चार मिनिटांत जॉब ट्रू. हे त्यांनी केलं नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी, आणि पुढची वीस-बावीस वर्षं तो तुकडा टूल बॉक्सच्या खालच्या ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळलेला राहिला. सुपरवायझर आला की आत, गेला की बाहेर.

मी म्हटलं, काका, सांगितलं का नाही? तर हसले. "अरे बाबा, सांगितलं असतं तर शिफ्टचं टार्गेट वीसचं तीस झालं असतं, पगार तोच, आणि लाइनच्या सगळ्यांच्या शिव्या मला."

हे फक्त बडोद्यातलं नाही हं. 1944-45 मध्ये डोनाल्ड रॉय नावाचा समाजशास्त्राचा विद्यार्थी शिकागोकडच्या एका मशीन शॉपमध्ये रेडियल ड्रिलवर ऑपरेटर म्हणून लागला आणि गुपचूप नोंदी ठेवत गेला. त्याला दिसलं ते डिट्टो हेच. सोप्या जॉबवर कामगार ठरवून एका आकड्याला थांबायचे, कारण जास्त कमाई दिसली की ऑफिसवाले नगामागचा रेट कापणार हे सगळ्यांना पाठ होतं. गंमत म्हणजे तीसेक वर्षांनी मायकेल बुरावॉय नावाचा दुसरा संशोधक असाच कामगार म्हणून एका कारखान्यात घुसला आणि नंतर त्याला कळलं की हा तोच कारखाना, रॉयचाच! अर्थशास्त्रात याला रॅचेट इफेक्ट म्हणतात. रॅचेट पाना कसा एकाच दिशेने कट कट करत पुढे जातो, मागे येत नाही, टार्गेटचंही तसंच. आज तुम्ही हुशारी दाखवली की उद्या तीच तुमची किमान अपेक्षा.

आता इथे शेअरवाले लोक येतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे, कामगाराला मालकीचा तुकडा द्या, मग कंपनीचा फायदा तो त्याचाही, कशाला लपवेल? याची पद्धतशीर स्कीम 1956 मध्ये लुई केल्सो नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वकिलाने एका वर्तमानपत्र कंपनीसाठी बसवली, 1974 मध्ये अमेरिकेच्या कायद्यात त्याला जागा मिळाली, आपल्याकडे इन्फोसिसने 1994 मध्ये ईसॉप (कर्मचाऱ्यांना शेअर किंवा पुढे ते घ्यायचा हक्क देणारी स्कीम) सुरू केलं आणि आता अलकापुरीतल्या चार टेबलांच्या स्टार्टअपच्या ऑफर लेटरमध्येसुद्धा ईसॉपची ओळ असते.

पण मी काकांना विचारलं की शेअर दिले असते तर सांगितलं असतंत का, तर त्यांनी उलट विचारलं, "किती जणांत वाटणार होते?"

दहावी पास माणूस, पण नेमकी नस पकडली. हिशोब करून बघा ना. समजा त्या तुकड्यामुळे कंपनीचा वर्षाला 1 लाख रुपयांचा फायदा होतो आणि 200 कामगारांकडे मिळून 10 टक्के शेअर आहेत. 10 टक्के म्हणजे 10,000, भागिले 200, म्हणजे काकांच्या वाट्याला 50 रुपये. वर्षाचे. डोकं माझं, रिस्क माझी आणि हाती सेव उसळीच्या प्लेटचे पैसे, उरलेले 199 जण फुकटात. याला फ्री रायडरचा प्रॉब्लेम म्हणतात, आणि नुसता कागदावरचा हिशोब बघितला तर शेअर वाटून काही म्हणजे काही व्हायला नको.

तरी होतं, आणि हाच मला यातला सगळ्यात मजेशीर भाग वाटतो. अमेरिकेत रिचर्ड फ्रीमन, जोसेफ ब्लासी आणि डग्लस क्रूस यांनी 14 कंपन्यांतल्या 40,000 हून जास्त कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारले. ज्यांना शेअर किंवा नफ्यात वाटा होता ते शेजारचा कामचुकारपणा करत असेल तर गप्प बसण्यापेक्षा त्याला टोकायला जास्त तयार होते. म्हणजे माणूस 50 रुपयांचा हिशोब करत बसत नाही, सगळ्यांचाच वाटा आहे म्हटल्यावर वातावरण बदलतं. काकांच्या लाइनवर आयडिया सांगणारा शिव्या खायचा, इथे आळशी माणूस खातो. अर्थात हे पन्नास जणांत सोपं, पाच हजारांत कोण कोणाला बघतंय.

नवं काही शोधायचं म्हटलं की आणखी एक भानगड येते. नवीन प्रयोग बहुतेक वेळा फसतो, मग फसायची भीती असलेला माणूस प्रयोग करेल कशाला? इथे शेअर आणि ऑप्शन यांतला फरक महत्त्वाचा, आणि आपल्याकडे लोक दोन्ही एकच समजतात. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, शेअर पुढे ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क. भाव 100 ठरला आणि शेअर 160 झाला तर 60 तुमचे, 70 झाला तर घेऊच नका, तोटा शून्य. वर आभाळ मोकळं, खाली गादी. ज्याच्याकडे थेट शेअर आहे त्याचे मात्र 100 चे 70 होतात, मग तो म्हणतो, चाललंय ते चालू द्या. 2015 मध्ये अमेरिकन कंपन्यांवरचा एक अभ्यास आला होता, साहेब लोकांचे सोडून बाकी कर्मचाऱ्यांचे ऑप्शन आणि पेटंट यांचा संबंध बघणारा. जिथे ऑप्शन जास्त तिथे पेटंटही जास्त आणि दमदार. ऑप्शन बऱ्याच जणांना वाटलेले असले आणि त्यांची मुदत लांब असली तर परिणाम अजून मोठा. आणि कारण काय निघालं, तर लोक जास्त घाम गाळतात हे नाही, जास्त धोका पत्करतात हे.

मुदतीचं महत्त्व एका खेळातून फार छान दिसतं. फ्लोरियन एडरर आणि गुस्तावो मान्सो यांनी लोकांना कॉम्प्युटरवर लिंबू सरबताची गाडी चालवायला दिली, 20 फेऱ्या, जागा बदला, साखर-लिंबू बदला, नफा बघा. एका गटाला ठरलेला पगार, दुसऱ्याला पहिल्या फेरीपासून नफ्यात वाटा, तिसऱ्याला फक्त शेवटच्या 10 फेऱ्यांच्या नफ्यात वाटा. सगळ्यात जास्त शोधाशोध कोणी केली? तिसऱ्यांनी. सुरुवातीच्या चुका माफ होत्या ना, मग ते जागा बदलत राहिले आणि सगळ्यात चांगली जागा त्यांनाच जास्त वेळा सापडली. पहिल्या फेरीपासून वाटा घेणारे मात्र सुरुवातीच्या गल्लीतच साखर कमी-जास्त करत बसले. आपल्या कायद्यात ईसॉप दिल्यापासून हातात यायला निदान एक वर्ष जावं लागतं आणि बऱ्याच कंपन्या चार वर्षांत हप्त्याहप्त्याने देतात. लोक त्याला साखळी म्हणतात, माणूस पळू नये म्हणून, ते खरंच आहे, पण फसायला मिळालेली सवलत म्हणूनही बघता येतं. फक्त मधे दर तीन महिन्यांनी अप्रेझलचा बडगा असेल तर ती सवलत गेलीच.

आणि शेअर देऊन तोंड बंद ठेवलं तर? 1987 मध्ये अमेरिकन सरकारच्या ऑडिट खात्याने ईसॉपवाल्या कंपन्या तपासल्या, नुसत्या ईसॉपने उत्पादकता वाढल्याचं काही सापडलं नाही, वाढली ती जिथे कामगारांना निर्णयात बोलायला मिळत होतं तिथे. युनायटेड एअरलाइन्सचं उदाहरण तर डोळ्यासमोर आहे. 1994 मध्ये पगारकपातीच्या बदल्यात कर्मचाऱ्यांकडे 55 टक्के मालकी आली, पण रोजची भांडणं जुनीच राहिली, एअर होस्टेस वगैरे मंडळी तर त्यात आलीच नाहीत, आणि 2002 मध्ये कंपनी दिवाळखोरीत. नोकरी आणि बचत एकाच टोपलीत ठेवायचा धोका तो वेगळाच, 2001 मध्ये एन्रॉन बुडाली तेव्हा तिच्याच शेअरमध्ये बचत ठेवलेल्या कर्मचाऱ्यांना तो चांगलाच कळला.

याच्या उलट बघायचं तर आपण कशाला लांब जायचं, अमूलचं आणंद तासाभरावर आहे. तिथे मालक कर्मचारी नाहीत, दूध घालणारे शेतकरी आहेत, त्यामुळे हे ईसॉपचं उदाहरण नव्हे, मान्य. पण हिवाळ्यात म्हशीचं दूध उतू जायचं आणि ते घ्यायला कोणी नसायचं, तेव्हा त्याची पावडर होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. अमूलचे डेअरी तज्ज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि 1955 मध्ये कारखाना उभा राहिला. वाया जाणारं दूध मालकांच्याच घरचं होतं, त्यामुळे प्रयोग करून बघायला नको म्हणणारं कोण असणार?

हे सगळं मी काकांना सांगितलं, ऑप्शन, लिंबू सरबत, सगळं. ऐकून घेतलं शांतपणे. मग म्हणाले की रिटायर व्हायच्या आठवड्यात शेजारच्या लेथवरच्या पोराला त्यांनी तुकडा दाखवला, त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि आपला स्वतःचा घासून घेतला. मी विचारलं, मग त्याने तरी वर सांगितलं का?

"त्याचा ड्रॉवर माझ्यापेक्षा मोठा आहे," काका म्हणाले, आणि तुकडा परत फडक्यात गुंडाळून आत घेऊन गेले.