स्किडमधले दोन आकडे: डेटाबेसचा टक्का आणि इंजिनचं प्यादं

सांगलीच्या विश्रामबागेतला नववीतला एक मुलगा परवा, बुद्धिबळाचे डाव साठवायचं स्किड हे सॉफ्टवेअर चालू ठेवून, लॅपटॉप उघडूनच घरात शिरला. "काका, हे स्किड खोटं बोलतंय. एका खिडकीत म्हणतं काळा भारी, दुसऱ्या खिडकीत म्हणतं काळा मेला."

पटावर स्टॅफर्ड गॅम्बिट होता, म्हणजे काळा एक प्यादं सोडून देतो ती सुरुवात. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, घोड्यानं ई५ चं प्यादं मारलं, काळ्यानं दुसरा घोडा सी६ वर आणला, पांढऱ्यानं तो खाल्ला, काळ्यानं डी प्याद्यानं परत घेतला. काळ्याचं एक प्यादं कमी. इंजिन, म्हणजे चाली स्वतः मोजून बघणारं सॉफ्टवेअर, पांढऱ्याला भरभक्कम अधिक देत होतं. शेजारच्या ट्री खिडकीत, जिथं साठवलेल्या डावांत प्रत्येक चालीचा निकाल काय लागला ते दिसतं, मात्र पांढऱ्याचा स्कोअर निम्म्याच्या बराच खाली.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. स्किड हे डावांचं कपाट आहे. न्यूझीलंडच्या शेन हडसननं लिहिलेलं, फुकट आणि मुक्त स्रोत. त्यात बसवलेलं स्टॉकफिश हे इंजिन म्हणजे वेगळंच सॉफ्टवेअर. तेही फुकट, २००८ पासूनचं. दोघांचे आकडे एकाच पडद्यावर उमटतात, म्हणून पोरांना वाटतं एकच माणूस बोलतोय.

सांगलीकरांना हे हळदीवरून पटकन कळेल. मार्केट यार्डात राजापुरी हळदीला सौद्यात काय भाव निघाला हा एक आकडा. प्रयोगशाळेत त्याच हळदीत कुरकुमिन, म्हणजे तिला पिवळेपणा देणारा घटक, किती निघालं हा दुसरा. भाव म्हणजे माणसांनी काय केलं, कुरकुमिन म्हणजे मालात काय आहे. डेटाबेस भाव सांगतो, इंजिन कुरकुमिन.

डेटाबेसचा हिशोब तिसरीतल्या पोराला जमेल असा आहे. विजयाला एक, बरोबरीला अर्धा, भागिले डाव. १० डावांत ४ विजय, ४ बरोबऱ्या, २ पराभव, म्हणजे ६० टक्के. पण ३ डावांत २ विजय आणि १ बरोबरी झाली की ८३ टक्के दिसतात, आणि पोरगं तीच चाल पाठ करून स्पर्धेला जातं. म्हणून टक्क्याआधी डावांची संख्या बघायची. दुसरी मेख अशी की स्किडच्या ट्रीमधला टक्का नेहमी पांढऱ्याच्या बाजूनं असतो. काळ्यानं खेळताना तो जितका कमी तितकं बरं. याच रकान्यांत खेळाडूंचं सरासरी रेटिंग आणि सरासरी सालही असतं, त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आणि कपाट स्वतः विचार करत नाही. डावाच्या माथ्यावर निकाल चुकून १-० लिहिलात, तर पटावर पांढऱ्याला मात झालेली असली तरी ते पांढऱ्यालाच गुण देणार. एकाच आनंदचं नाव तीन फाइलींत तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं, की झाले तीन आनंद. दोन ठिकाणांहून उतरवलेले तेच डाव दोनदा मोजले जातात. स्किडमध्ये जुळे डाव शोधायची आणि नावांचं स्पेलिंग एकसारखं करायची सोय आहे, ती वापरा. 'डिलीट' केलेला डावही लगेच जात नाही, नुसती खूण होते. डेटाबेस कॉम्पॅक्ट केल्यावरच तो खरा जातो. माझं मत विचाराल तर लाखो डाव उतरवण्यापेक्षा स्वतःच्या स्कोअरशीटवरचे पन्नास डाव नीट भरणं जास्त मोलाचं. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा खेळून आलेल्या पोरांच्या पिशवीत ती शीटं चुरगळून पडलेली असतात.

इंजिनचं उलटं. त्याला आनंद माहीत नाही, तुमचं रेटिंग माहीत नाही, समोरची मांडणी तेवढी माहीत. वेळ द्याल तितकं ते खोल जातं, म्हणून पहिल्या दोन सेकंदांचा आकडा धरून बसू नये. त्याचं +१.०० म्हणजे एक प्यादं जास्त, ही समजूतही आता जुनी झाली. स्टॉकफिशच्या १५.१ या आवृत्तीपासून त्याचा अर्थ साधारण असा: दोन्हीकडून इंजिनच खेळलं, तर त्या बाजूची जिंकायची शक्यता निम्मी. माणसाला घाम फुटेल की नाही, हे त्यात कुठेच नाही. ०.००, म्हणजे बरोबरी, दाखवणाऱ्या मांडणीत काळ्याकडे एकच वाचवणारी चाल असू शकते. ती इंजिनला दिसते, तुम्हाला घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना दिसेलच असं नाही.

म्हणून मी त्या मुलाला इंजिन बंद करायला लावलं आणि ट्रीमध्ये पुढं नेलं. पाचवी चाल प्यादं डी३, काळ्याचा उंट सी५. इथून डाव दोन वाटांनी फुटत होते. सहाव्या चालीला पांढऱ्यानं उंट जी५ वर आणला, की काळ्याचा घोडा ई४ चं प्यादं मारतो. पांढऱ्यानं हावरटपणे वजीर खाल्ला, तर उंटाचा एफ२ वर शह, राजा ई२, दुसरा उंट जी४, मात. काळ्याचे विजय बहुतेक असेच आलेले. उंट ई२ वर शांतपणे ठेवणाऱ्यांनी मात्र काळ्याला धुतलं होतं. मग इंजिन चालू केलं; पांढऱ्याची पहिली पसंती कुठली, हे मुलानं न विचारताच वाचलं.

लॅपटॉप मिटता मिटता म्हणाला, "मग मिरजेच्या त्या मुलाशी खेळू का हे, रविवारी?"

"त्याचे डाव आहेत ना तुझ्याकडे? सहाव्या चालीला तो उंट कुठं नेतो ते बघ आधी."

त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला.