पाच फोटोंत डाऊनी ओळखायची तर

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एकच धास्ती असते, डाऊनी या बुरशीजन्य रोगाची. पानावर तेलकट पिवळा डाग दिसतो आणि पान उलटलं की त्याच जागी पांढरी बुरशी. बागायतदाराला हे शिकवावं लागत नाही. मोबाइलला शिकवायचं, तर नेहमीच्या पद्धतीत फोटोंचा ढीग लागतो. २०१२ साली संगणकाने फोटो ओळखण्याच्या ज्या इमेजनेट स्पर्धेने या क्षेत्राचा नूरच पालटला, तिच्यात १००० प्रकारांसाठी सुमारे १२ लाख फोटो होते. पिकांच्या रोगांचा ‘प्लांटव्हिलेज’ हा गाजलेला संग्रह ५४ हजारांवर फोटोंचा. त्यात द्राक्षही आहे, पण रोग ब्लॅक रॉट, एस्का असले. डाऊनी नाही, पानावर पांढरी भुकटी आणणारी भुरीही नाही!

मग मोजक्या फोटोंवर भागवायचं कसं? एक सुटसुटीत रीत २०१७ मध्ये संशोधक जेक स्नेल आणि सहकाऱ्यांनी मांडली. आधी संगणकाला भलत्याच हजारो चित्रांवर तयार करायचं. त्यातून तो प्रत्येक फोटोचे आकडे मांडायला शिकतो, म्हणजे जणू नकाशावर त्याची जागा ठरवतो. सारखे फोटो जवळ, वेगळे लांब. आता डाऊनीचे पाच आणि भुरीचे पाच फोटो द्या. प्रत्येक पाचांची सरासरी काढली की दोन मध्यबिंदू मिळतात. नवा फोटो ज्याच्या जवळ पडेल, तो रोग. हिशेब इतकाच. ‘फक्त पाच फोटो’ म्हणून मिरवलं जातं, त्यामागची हजारोंची तालीम मात्र कुणी सांगत नाही.

खरी गोची त्या पाच फोटोंतच असते. डाऊनीची पाचही पानं बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी झालेल्या एकाच ओळीतली असतील, तर मध्यबिंदू रोगाकडे सरकण्याऐवजी निळसर डागांकडे सरकतो. हजार फोटोंत असा योगायोग विरून जातो, पाचांत नाही. म्हणून एक पान सावलीतलं, एक उन्हातलं, एक-दोन उलटी बाजू दाखवणारी, एखादं नुकतीच लागण झालेलं, आणि तीही वेगवेगळ्या प्लॉटमधली, अशी निवड हवी. माझ्या मते हे काम प्रोग्रामरपेक्षा बागेत फिरणाऱ्यानेच करावं.

आणखी एक मेख आहे. जवळचा बिंदू नेहमी कुठला तरी असतोच. पालाशच्या (पोटॅशियमच्या) कमतरतेने कडा करपलेलं पान दाखवलं, तरी यंत्र बेधडक डाऊनी किंवा भुरी सांगणार. त्यावर उपाय म्हणजे अंतराची मर्यादा घालायची. त्यापलीकडचा फोटो आला की ॲपने सरळ ‘ओळखता येत नाही’ म्हणायचं.