बोटं हलतात, तरी हाड मोडलेलं असू शकतं

ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरते. पडणारा हात टेकतो आणि सगळा भार तळहातावर येतो. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "बोटं हलवून बघ. हलतात ना? मग काही मोडलं नाही, मुका मार आहे." सांगणाऱ्याला काळजीच असते, पण ही परीक्षा खोटी आहे.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू पंजात नसतातच. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि मूठ उघडझाप करा, कातडीखाली हालचाल जाणवेल. तिथून निघालेल्या कंडरा कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या बोटं ओढतात. वाटेतलं हाड तडकलं, तरी दोऱ्या शाबूत असतात.

अशा पडण्यात सगळ्यात फसवं हाड म्हणजे स्कॅफॉइड. मनगटातल्या 8 छोट्या हाडांपैकी हेच सर्वांत जास्त मोडतं. आकार काजूसारखा. अंगठा ताठ करून मागे खेचला की त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, दोन कंडरांमध्ये एक खळगा पडतो. पूर्वी लोक तपकिरीची चिमूट त्यात ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीची डबी म्हणतात. स्कॅफॉइड बरोबर त्या खळग्याच्या तळाशी असतं. पडल्यावर तिथे दाबून दुखलं, तर सूज नसली तरी हाड मोडलंय असंच धरावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

पहिल्या एक्स-रेमध्ये ही भेग बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून संशय असेल तर डॉक्टर हात बांधून ठेवतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा आधीच एमआरआय करतात. "रिपोर्ट नॉर्मल, मग प्लास्टर कशाला?" असं वाटणं साहजिक आहे. कारण रक्तवाहिन्यांत आहे. या हाडात बहुतेक रक्त बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि उलटं, कोपराच्या दिशेने जातं. हाड मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी पडतो. तो जुळत नाही, कधी मरतोही, आणि पुढे मनगट झिजत जातं. तेल लावून चोळणं, ओढून 'बसवणं' इथे फार महागात पडतं.

दुसरी फसवी दुखापत अंगठ्याची, ती चेंडू अडवताना होते. अंगठा बाहेर फाकतो आणि त्याच्या मुळाच्या सांध्याचा आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, तुटतो. किल्ली फिरवताना चिमटीत जोर येत नाही, ही त्याची खूण. स्वीडिश सर्जन बर्टिल स्टेनर यांनी 1962 मध्ये दाखवलं की तुटलेलं टोक कधी कधी शेजारच्या पडद्यावर जाऊन अडकतं. मग कितीही दिवस प्लास्टर ठेवलं तरी ते जुळत नाही, शस्त्रक्रियाच लागते.

बोट वाकडं दिसलं, बधिर झालं किंवा पांढरं-निळं पडलं, तर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरातच दवाखाना गाठावा. जाण्याआधी अंगठी काढावी, सुजेनंतर ती निघत नाही.

हात आखडतो तो मुख्यतः सुजेमुळे आणि स्थिर राहिल्यामुळे. म्हणून पहिले काही दिवस हात हृदयापेक्षा उंच ठेवावा आणि डॉक्टरांनी मोकळी ठेवलेली बोटं, कोपर, खांदा रोज हलवावेत. प्लास्टर निघाल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली की, कोमट पाण्यात हात बुडवून बोटं आधी सरळ करावीत, मग मुळाचे सांधे ताठ ठेवून फक्त पुढची पेरं आकड्यासारखी वळवावीत, मग पूर्ण मूठ. यातली आकड्याची पायरी बहुतेक जण गाळतात. पण प्रत्येक बोटात दोन कंडरा एकमेकींवरून सरकतात, आणि आकड्यात त्या सर्वाधिक सरकतात, म्हणून चिकटत नाहीत. दुसऱ्या कुणाकडून बोटं जोराने ओढून घेऊ नयेत, त्याने सूज परत येते. अंगठ्याचं टोक आधी तर्जनीला, मग एकेक बोट पुढे नेत करंगळीच्या टोकाला टेकवावं. तिथे पोचलं की करंगळीच्या मुळापर्यंत उतरायचा प्रयत्न करावा. काहींना तिथवर जायला महिना लागतो, काहींना त्याहून जास्त.