लघुउद्योगांच्या संगणकव्यवस्थेचे बाह्यस्रोतीकरण

लघुउद्योग आपले संगणक, नेटवर्क, ई-मेल, माहितीचा साठा आणि सुरक्षा यांची उभारणी व देखभाल पगारी कर्मचारी न नेमता कराराने बाहेरच्या सेवासंस्थेकडे सोपवतात, त्या पद्धतीला संगणकव्यवस्थेचे बाह्यस्रोतीकरण म्हणतात. व्यवहारात ‘आउटसोर्सिंग’ हाच शब्द रूढ आहे, आणि अशी सेवा ठरावीक मासिक शुल्कात सातत्याने पुरवणाऱ्या संस्थेला ‘मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर’ असे म्हणतात. वीसपंचवीस माणसांच्या उद्योगात पूर्णवेळ तंत्रज्ञाला पुरेल इतके काम रोज नसते. पण जे असते त्यासाठी नेटवर्क, सुरक्षा, बॅकअप, परवाने अशी परस्परांपासून बरीच वेगळी कौशल्ये लागतात. ती सगळी एका माणसात क्वचितच सापडतात आणि सापडली तरी तो माणूस रजेवर जातो किंवा नोकरी सोडतो. लघुउद्योग या पद्धतीकडे वळतात त्यामागे पैशाच्या बचतीपेक्षा ही अडचण अधिक असते.

स्वतःचे कार्यालयीन काम बाहेरून करून घेण्याची प्रथा संगणकाच्या प्रसाराआधीची आहे. अमेरिकेत हेन्री टाउब यांनी १९४९ मध्ये इतर उद्योगांचे पगारपत्रक तयार करून देणारी कंपनी काढली. तीच पुढे ‘एडीपी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. रॉस पेरो यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ‘इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स’ने मोठ्या संस्थांचे माहितीप्रक्रियेचे काम कराराने चालवायला घेतले, आणि १९८९ मध्ये ‘ईस्टमन कोडॅक’ने आपली संगणक केंद्रे ‘आयबीएम’च्या हाती दिल्यावर या पद्धतीला मोठ्या उद्योगांत प्रतिष्ठा मिळाली. लघुउद्योगांपर्यंत ती पोचायला स्वस्त आणि अखंड इंटरनेटची वाट पाहावी लागली. दूरच्या यंत्रावर नजर ठेवता येऊ लागली, तेव्हाच एका तंत्रज्ञाला अनेक ग्राहकांची व्यवस्था एकाच जागी बसून सांभाळणे शक्य झाले.

त्याआधी आणि आजही अनेक ठिकाणी, यंत्र बिघडले की तंत्रज्ञाला बोलवायचे आणि तासांवर किंवा फेरीवर पैसे द्यायचे, अशी रीत आहे. या रीतीतला मूळ दोष तंत्रज्ञाच्या कौशल्यात नसून मोबदल्याच्या रचनेत आहे. बिघाड हेच तिथे उत्पन्नाचे साधन असल्यामुळे बिघाड टाळण्याच्या कामाचे पैसे कोणी देत नाही आणि म्हणून ते काम कोणी करतही नाही. मासिक शुल्काच्या करारात हे गणित उलटते: यंत्रे जितकी सुरळीत चालतील तितके सेवासंस्थेचे श्रम वाचतात व नफा वाढतो. अर्थात या रचनेलाही दुसरी बाजू आहे. ठरलेली रक्कम मिळणारच असेल, तर न दिसणारे काम टाळण्याचा मोह संस्थेला होऊ शकतो, आणि काही बिघडले नाही याचे कारण संस्थेची दक्षता होती की निव्वळ नशीब, हे ग्राहकाला बाहेरून कळत नाही. त्यामुळे कोणत्या यंत्रांवर कोणत्या सुधारणा केल्या आणि कोणता बॅकअप यशस्वी झाला, याचा नियमित लेखी अहवाल करारात मागून घेणे ही केवळ औपचारिकता नव्हे.

प्रत्यक्ष काम असे चालते. ग्राहकाच्या प्रत्येक संगणकावर एक लहान प्रोग्रॅम बसवला जातो. तो डिस्कवर उरलेली जागा, प्रोसेसरवरचा ताण, अँटिव्हायरसची स्थिती, राहून गेलेले अपडेट अशी माहिती सेवासंस्थेच्या देखरेख-प्रणालीला सतत कळवतो. एखादे मूल्य ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की आपोआप तक्रार नोंदवली जाते. कर्मचाऱ्याने फोनवर किंवा ई-मेलने केलेली तक्रारही अशीच ‘तिकीट’ म्हणून नोंदली जाते, हेल्पडेस्कवरील तंत्रज्ञ बहुतेक प्रश्न दूरूनच सोडवतो आणि केबल, प्रिंटर किंवा जळालेला वीजपुरवठा अशा कामांसाठीच माणूस प्रत्यक्ष जातो. सुरक्षाविषयक अपडेट वेळेवर बसवणे हा या साऱ्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर (म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी पैसे मागणाऱ्या) प्रोग्रॅमने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेले होते.

शुल्क साधारणतः संगणकांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारले जाते. एकच व्यक्ती लॅपटॉप, फोन आणि टॅब्लेट वापरू लागल्यापासून कर्मचारीनिहाय आकारणी अधिक सोयीची ठरते. नवीन यंत्रणा उभारणे, कार्यालय हलवणे यांसारखी कामे बहुधा मासिक शुल्कात धरलेली नसतात, आणि वादाचे प्रसंग येतात ते इथेच.

सेवेची पातळी ठरवणारा करारनामा हा या व्यवहाराचा कणा होय. त्यातील आकडे सावधपणे वाचावे लागतात. यंत्रणा ९९ टक्के वेळ उपलब्ध राहील हे आश्वासन भक्कम वाटते, पण वर्षाचे ८,७६० तास धरले तर ते साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद राहण्याची मुभा देते, ९९.९ टक्क्यांत हीच मुभा पावणेनऊ तासांवर येते. शिवाय प्रतिसादाचा वेळ आणि निराकरणाचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एका तासात प्रतिसाद’ याचा अर्थ पुष्कळदा तक्रार मिळाल्याची पोच एवढाच असतो. बॅकअपच्या बाबतीत दोन प्रश्नांची उत्तरे कराराआधी ठरवावी लागतात: दुर्घटनेनंतर काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे, आणि किती वेळापर्यंतच्या नोंदी गमावल्या तर चालतील. रात्री एकदाच बॅकअप होत असेल, तर संध्याकाळच्या बिघाडात दिवसभराच्या नोंदी जातात. ही उत्तरे तंत्रज्ञ देऊ शकत नाही; ती धंद्याच्या मालकालाच द्यावी लागतात.

एका सेवासंस्थेकडे अनेक ग्राहकांच्या प्रशासकीय चाव्या, म्हणजे त्यांच्या यंत्रणांवर पूर्ण ताबा देणारी खाती व पासवर्ड असतात, हा या पद्धतीचा सर्वांत गंभीर धोका आहे. २ जुलै २०२१ रोजी ‘रेव्हिल’ या टोळीने ‘कसेया’ कंपनीच्या दूरव्यवस्थापनाच्या प्रणालीतील त्रुटी वापरून ती चालवणाऱ्या सेवासंस्थांमार्फत त्यांच्या ग्राहकांच्या संगणकांवर खंडणीखोर प्रोग्रॅम पोचवला. कंपनीच्या म्हणण्यानुसार थेट बाधित ग्राहक ६० पेक्षा कमी होते, पण त्यांच्यामागे असलेल्या सुमारे १,५०० उद्योगांपर्यंत हा फटका पोचला. स्वीडनमधील ‘कूप’ या किराणा साखळीचे गल्ले बंद पडल्यामुळे तिच्या सुमारे ८०० दुकानांपैकी बहुतेक दुकाने बंद ठेवावी लागली. यामुळे सेवासंस्थेने स्वतःच्या खात्यांवर दुहेरी पडताळणी लावली आहे का, प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्र खाते आहे का आणि एक तरी बॅकअप तिच्या प्रणालीपासून पूर्ण तुटलेला आहे का, हे प्रश्न किमतीच्या वाटाघाटीइतकेच महत्त्वाचे ठरतात.

काम सोपवले म्हणजे कायदेशीर जबाबदारी सोपवली, असे होत नाही. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या माहितीसंरक्षण नियमावलीत माहिती का व कशी वापरायची हे ठरवणारा आणि त्याच्या वतीने ती हाताळणारा, असा स्पष्ट भेद केलेला आहे. हाताळणाऱ्यावरही काही बंधने आहेत, तथापि पुरेशी हमी देणारीच सेवासंस्था निवडण्याचे दायित्व पहिल्यावर राहते.

करार संपवण्याची वेळ येते तेव्हा मालकीचे प्रश्न उघडे पडतात. संकेतस्थळाचे डोमेन नाव सेवासंस्थेच्या नावावर नोंदलेले असणे, सॉफ्टवेअरचे परवाने तिच्या खात्यातून घेतलेले असणे, राउटरचा पासवर्ड एकाच तंत्रज्ञाला ठाऊक असणे किंवा नेटवर्कचा आराखडा कुठेच लिहिलेला नसणे, यांपैकी एकही गोष्ट ग्राहकाला अडकवून ठेवायला पुरेशी असते, मग त्यामागे हेतू असो वा निव्वळ ढिलाई. म्हणून डोमेन, परवाने आणि मुख्य प्रशासकीय खाती उद्योगाच्या स्वतःच्या नावावर ठेवणे, दस्तऐवजांची अद्ययावत प्रत आपल्या ताब्यात असणे आणि माहितीचे हस्तांतर कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत होईल हे सुरुवातीच्याच करारात लिहून घेणे आवश्यक असते. करार मोडताना या अटी घालण्याची ताकद ग्राहकाकडे उरलेली नसते.