कॅमेरा वेग वाढवून दाखवतो का?

बेळगावहून निपाणीकडे जाताना हत्तरगीच्या आसपास चहाला थांबलं, की शेजारच्या टेबलावर महामार्गावरच्या कॅमेऱ्यांचा विषय निघतोच. गाडी केए-२२ असो, केए-२३ असो, नाहीतर कोल्हापूरची एमएच-०९, तक्रारी मात्र सारख्याच. "मी ऐंशीच्या वर गेलोच नव्हतो, त्यानं चौऱ्याण्णव दाखवलं." "तिरका लावलाय हो, तिरक्यानं जास्तच येणार." "हे सगळं पैसे काढायचं साधन." आणि शेवटी, "कॅमेऱ्यापुढं ब्रेक मारायचा, पुढं गेल्यावर परत दाबायचं. काय फरक पडतो?"

यातल्या पहिल्या दोन तक्रारी मोजमापाच्या आहेत, म्हणजे त्यांचा निकाल मताने नव्हे, गणिताने लागतो. विषय आत्ता काढायला कारणही आहे. वेग मोजणारी रडार यंत्रं केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून वैधमापनाच्या नियमांखाली आणली. किराणा दुकानातल्या वजनांवर आणि पेट्रोल पंपावर जसा तपासणीचा शिक्का लागतो, तसा तो आता या यंत्रांनाही लागतो. ज्या यंत्राच्या आकड्यावर माणसाला दंड होतो, त्याच्यावर हा शिक्का खरं तर कितीतरी आधी यायला हवा होता.

एक गैरसमज आधी दूर करतो. रस्त्यावरच्या कमानीवर दिसणारा प्रत्येक डबा वेग मोजत नाही. बरेचसे कॅमेरे नुसती नंबरप्लेट वाचतात, काही सीटबेल्ट आणि हेल्मेट बघतात. "एआय कॅमेरा" या नावाचा हल्ली फार गाजावाजा होतो, पण त्या एआयचं काम बहुतेक प्लेट वाचण्यापुरतं असतं. वेग मोजणारं रडार त्याच्या शेजारी बसलेलं असतं, आणि त्याच्यामागचं तत्त्व १८४२ सालचं आहे. प्रागमध्ये शिकवणाऱ्या ख्रिश्चन डॉपलरने ते ताऱ्यांच्या रंगांसाठी मांडलं. तीन वर्षांनी नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने धावत्या रेल्वेवर तुतारीवाले बसवून आवाजाच्या बाबतीत ते पडताळून पाहिलं. शाळेत आपण ते शिट्टी वाजवत येणाऱ्या रेल्वेच्या उदाहरणाने शिकतो: गाडी जवळ येताना शिट्टीचा स्वर चढा, लांब जाताना उतरलेला.

रडार तेच रेडिओलहरींनी करतं. पण इथे एक अडचण आहे आणि ती ज्या युक्तीने सुटते, ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पोलिसांच्या रडारमध्ये सर्रास वापरली जाणारी एक वारंवारता आहे २४.१२५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४ अब्जांहून जास्त कंपनं. समोरून १०० किमी वेगाने येणाऱ्या मोटारीवर आपटून ही लहर परत येते तेव्हा तिची वारंवारता वाढलेली असते. किती? फक्त ४,४७० हर्ट्झने. २४ अब्जांत साडेचार हजार, म्हणजे ५४ लाखांत एक. इतका बारीक फरक थेट मोजायला गेलं तर यंत्र अतिशय महाग आणि नाजूक होईल. रस्त्याकडेच्या खांबावर, बेळगावच्या पावसात, ते टिकणार नाही.

म्हणून रडार परत आलेली लहर मोजतच नाही. ते तिला स्वतःच्या मूळ लहरीत मिसळतं. आपल्या भागात मिरजेचे तंबोरे घरोघरी माहीत आहेत. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा लावताना त्या किंचित बेसूर असतील, तर आवाज एकसंध येत नाही, तो हेलकावत राहतो. कान दोन्ही तारांच्या कंपनांचा आकडा मोजत नसतो, त्याला फक्त हेलकावा ऐकू येतो. पण हा हेलकावा सेकंदाला जितक्या वेळा येतो, बरोबर तितकाच दोन तारांच्या कंपनसंख्येतला फरक असतो. रडारमधलं मिसळणारं सर्किट हेच करतं. २४ अब्ज बाजूला पडतात आणि हातात उरतो ४,४७० हर्ट्झ. ही वारंवारता माणसाच्या कानाच्या टप्प्यातली आहे. स्पीकरला जोडली तर तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते. ८० ला तीच शिट्टी ३,५७७ हर्ट्झवर उतरते.

हेच दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आणखी सोपं होतं. या लहरीची लांबी आहे साधारण १२.४ मिलिमीटर. गाडी ६.२ मिलिमीटर पुढे सरकली, की लहरीचा जाण्याचा मार्ग ६.२ मिमीने आणि येण्याचा मार्गही ६.२ मिमीने कमी होतो, म्हणजे बरोबर एक लहरलांबी. एक लहरलांबी कमी झाली की एक हेलकावा पूर्ण. तेव्हा रडार प्रत्यक्षात मोजतं काय, तर तुमची गाडी सेकंदाला ६.२ मिलिमीटरची किती पावलं टाकते ते. १०० च्या वेगाला ४,४७० पावलं. यात लांबीचं माप आहे आणि घड्याळ आहे, तिसरं काही नाही. कॅमेऱ्यासमोर कोण आहे, पासिंग कुठलं आहे, गाडी किती किमतीची आहे, हे या मोजणीत शिरायला जागाच नाही.

गाडी येते आहे की जाते आहे हे कळायला लहर दोन ठिकाणी मिसळतात, एकीकडे मूळ लहर पाव कंपनाने मागे ठेवून. दोन हेलकाव्यांपैकी कोणता पुढे आहे यावरून दिशा ठरते. एकाच वेळी अनेक गाड्या असतील, तर मिश्रणातले वेगवेगळे स्वर फूरिए पद्धतीच्या गणिताने सुटे केले जातात.

आता तिरका कॅमेरा. रडारला तुमचा पूर्ण वेग कळत नाही. तुमच्या वेगातला जेवढा भाग सरळ त्याच्या दिशेने आहे, तेवढाच कळतो. यंत्र आणि गाडीचा मार्ग यांत कोन असेल, तर खऱ्या वेगाला त्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. दहावीच्या त्रिकोणमितीतलाच हा कोसाइन, आणि तो कधीही एकापेक्षा जास्त नसतो. १० अंशांचा कोन असेल तर १०० चे ९८.५ दिसतात, २० अंशांना ९४, ३० अंशांना ८६.६. पोलीस रस्त्याच्या कडेला हातात रडारगन धरून जितका तिरका उभा, तितका तुमचा वेग कमीच दिसणार. "तिरक्यानं जास्त येतं" हे बरोबर उलटं आहे.

पण ड्रायव्हरांचं म्हणणं सरसकट उडवून लावता येत नाही. खांबावर कायमचं बसवलेलं यंत्र बहुतेक मुद्दाम तिरकंच असतं, आणि त्याचा कोन आधीच ठरलेला असल्यामुळे ते आकडा दुरुस्त करून देतं. कोन २० अंश धरला असेल, तर आलेल्या आकड्याला ते ०.९४ ने भागतं. इथे चूक शिरू शकते. वादळवाऱ्याने, धक्क्याने किंवा बसवणाऱ्याच्या निष्काळजीपणाने यंत्र प्रत्यक्षात १५ अंशांवर राहिलं आणि भागाकार २० अंशांचाच चालू राहिला, तर १०० ने जाणारी गाडी जवळपास १०३ दाखवली जाईल. कोन उलट्या बाजूला सरकला तर कमी. म्हणूनच मोजणीचं तत्त्व कितीही पक्कं असलं, तरी यंत्राची वेळोवेळी तपासणी आणि त्यावरचा शिक्का या कागदी गोष्टी नाहीत. मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७-अ या नियमातही यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, पट्ट्यावर ठळक इशाराफलक लावावे लागतात, आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी लागते. नोटीस आली तर रागावण्याआधी हे मागून घ्यावं. तो आपला हक्क आहे.

दुसरी खरी अडचण आहे, आकडा नेमका कोणाचा? रडारचा झोत टॉर्चसारखा पसरतो. १२ अंशांचा झोत १०० मीटरवर सुमारे २१ मीटर रुंद होतो, म्हणजे सगळ्या लेन त्यात आल्या. आपल्याकडे ऊसाच्या हंगामात एकाच झोतात काय काय असतं पाहा. डाव्या कडेला दोन ट्रॉल्या लावलेला, पंधरा-वीसच्या वेगाने चाललेला ट्रॅक्टर, त्याच्या शेजारून ट्रक, आणि त्या दोघांना मागे टाकणारी मोटार. परावर्तन अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतं. अंतर दुप्पट झालं की सोळावा हिस्सा उरतो. त्यामुळे सहसा जवळची गाडी जोरात ऐकू येते. पण ट्रकचं सपाट तोंड इतकं मोठं असतं, की मागे असूनही तो पुढच्या मोटारीला झाकू शकतो. चांगल्या यंत्रणेत यावर उपाय असतात: अरुंद झोत, लेन ओळखणारे अँटेना, ठरावीक वेळेच्या अंतराने घेतलेले दोन फोटो. लेझर गनचा झोत ३०० मीटरवरही जेमतेम मीटरभर असतो, म्हणून गर्दीत ती जास्त भरवशाची. दोन फोटो हाती असले, तर रस्त्यावरच्या खुणांवरून गाडी किती सरकली ते नुसत्या पट्टीनेसुद्धा पडताळता येतं. अशा कॅमेऱ्यांचा एक जनक मॉरिस गॅट्सोनीडीस हा नेदरलँड्सचा रॅली ड्रायव्हर होता. वळणावर स्वतःचा वेग कळावा, आणखी जोरात जाता यावं, यासाठी त्याने ते यंत्र बनवलं.

"माझ्या मीटरवर ऐंशीच होतं" याचंही उत्तर सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे गाडीच्या स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालतं. त्यामुळे कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. मीटरवर ८० असताना खरा वेग बहुधा त्याहून कमीच असतो. अपवाद एकच, हौसेने मोठे टायर बसवलेली गाडी. तिथे चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं आणि मीटरला ते कळत नाही.

राहिला पैशांचा आरोप. दंड वसूल होतो हे खरं, पण नुसती वसुली हे कॅमेरे लावण्याचं कारण असू नये, हे मलाही मान्य आहे. कॅमेरा उतारावर झाडाआड दडवला तर संशय येणारच. तो अपघाताच्या जागी, फलक लावून, उघड्यावर असायला हवा. तसा असेल तर त्याचा उपयोग होतो का? २०१० साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात वेगवेगळ्या देशांतले ३५ अभ्यास एकत्र तपासले गेले. कॅमेऱ्यांच्या परिसरात जीवघेणे आणि गंभीर जखमींचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले आढळले. अभ्यासांचा दर्जा कमी-जास्त होता, पण दिशा सगळ्यांची एकच होती. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि सरकारी नोंदीनुसार त्यातले ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत.

ऐंशी आणि शंभर यांत काय एवढा फरक, असं वाटणाऱ्यांसाठी एक हिशोब. समोर अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ऊसाची ट्रॉली उभी आहे. दोन्ही ड्रायव्हर तिला एकाच ठिकाणी पाहतात, दोघांनाही ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद लागतो, दोघांचे ब्रेक सारखेच चांगले. ८० ची गाडी साधारण ६९ मीटरवर पूर्ण थांबते. १०० ची गाडी त्याच जागी अजून ताशी ७१ किलोमीटर वेगाने धावत असते. वेग पाव पटीने जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि दीड सेकंदात मागे पडलेलं अंतरही जास्त, म्हणून हा फरक. निपाणी ते बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. सगळा रस्ता १०० ने गेलं तरी वाचतात अकरा मिनिटं.

आणि या हिशोबावर लिंबू-मिरचीचा काही परिणाम होत नाही. खंडेनवमीला गाडी धुवावी, हार घालावा, ते आनंदाचं आहे. पण त्या दिवशी रस्त्यात फोडलेल्या कोहळ्यांवरून मोटारसायकली घसरतात, आणि घाटातल्या एखाद्या वळणाला "बाधा आहे" म्हणून नारळ वाहिले जातात. त्या वळणाचा उतार, काठाचा कठडा आणि रात्रीचा उजेड कोणी तपासतच नाही. आरशाला सीडी लटकवली की कॅमेरा चुकतो, ही समजूतही तितकीच निराधार. सीडी उजेड परतवते, पण तुमच्या बोनेटवरून, बंपरवरून, रेडिएटरवरून परत जाणारी रडारलहर तिला अडवता येत नाही.

शेवटची तक्रार मात्र सर्वांत वजनदार आहे: कॅमेऱ्यापुढे ब्रेक, नंतर परत वेग. हे सगळीकडे होतं, आणि मागून येणाऱ्यासाठी ते अचानक मारलेले ब्रेक धोक्याचेच. यावरचा उपाय रडारशिवायचा आहे. दोन ठिकाणी नंबरप्लेट वाचायची आणि मधला वेळ मोजायचा. पट्टा १० किलोमीटरचा आणि मर्यादा ८० ची असेल, तर साडेसात मिनिटांच्या आत कोणी पोहोचायलाच नको. सहा मिनिटांत पोहोचला तर सरासरी १०० झाली. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गणित घेतलेल्यांना मध्यमूल्य प्रमेय आठवेल. सरासरी १०० असेल, तर वाटेत निदान एका क्षणी वेग बरोबर १०० असलाच पाहिजे. तो क्षण कोणता हे कोणी पाहिलेलं नसलं, तरी तो होता हे सिद्ध होतं. इथे कोसाइन नाही, झोत नाही, शेजारच्या ट्रकचा घोटाळा नाही. दोन्ही टोकांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत आणि अंतर नीट मोजलेलं हवं, एवढंच.

या पद्धतीला एक पळवाट आहे. वाटेत दहा मिनिटं चहाला थांबलं की सरासरी आपोआप खाली येते. म्हणून हत्तरगीसारख्या ढाब्यांच्या पट्ट्यात ती निरुपयोगी ठरेल. ती बसवायची तर याच रस्त्यावरच्या वंटमुरी आणि तवंदी या दोन घाटांत, जिथे मध्ये थांबायला जागा नाही आणि वेगाचा धोकाही सर्वांत जास्त आहे.